झुल्यांच्या गर्दीत झाकलेला माल
अमेरिकेतील एका प्रचंड मनोरंजन उद्यानाची कथा. दुकानदार व कारागिरांनी विचार करावा अशी

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेच्या डिस्ने कंपनीत नव्या उद्यानाची योजना मांडली जात होती. जो रोडे नावाचा कल्पक रचनाकार ती मांडत होता. त्याचे म्हणणे असे की, या वेळी राजवाडे आणि कार्टून पुरेत. खरी, जिवंत जनावरे हेच आकर्षण ठेवू. कंपनीचे प्रमुख मायकेल आयस्नर यांना शंका होती. जनावरे तर गावोगावच्या प्राणिसंग्रहालयांत असतातच, मग त्यासाठी लोक पैसे मोजून एवढ्या लांब का येतील? रोडेने वाद घातला नाही. पुढच्या बैठकीत त्याने एक जिवंत बंगाली वाघ सभागृहात आणवला. वाघ साहेबांच्या खुर्च्यांजवळून शांतपणे फिरला आणि प्रश्न तेथेच मिटला.

माल दाखवण्याची ही रीत आपल्या व्यापारी बांधवांना नवी नाही. शंभर शब्दांपेक्षा थान उलगडून दाखवलेले बरे, हे प्रत्येक कापडवाला जाणतो. पण या गोष्टीचा पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. ज्या जनावरांसाठी हे उद्यान उभे राहिले, त्यांच्याकडे पाठ फिरवून गिऱ्हाईक झुल्यांकडे पळू लागले. मालकाने ज्यावर सर्वांत जास्त खर्च केला, तोच माल सर्वांत कमी पाहिला गेला.

एक तिकीट, सारा बाजार

डिस्नेज अॅनिमल किंगडम हे उद्यान फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ आहे. २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, ते उघडले. सुमारे ५८० एकरांचा हा पसारा कंपनीच्या सर्व मनोरंजन उद्यानांत क्षेत्रफळाने मोठा आहे. २०१९ साली तेथे सुमारे १ कोटी ३८ लाख लोक येऊन गेले असा या धंद्यातील जाणकारांचा अंदाज आहे.

प्रवेशाचे तिकीट एकच. एका माणसाला एका दिवसाला १०० डॉलरच्या वर पडते. आत गेल्यावर झुला, सफारी, पायवाट, पक्षीगृह यांना वेगळे पैसे नाहीत. त्यामुळे गिऱ्हाइकाची नजर सारखी घड्याळावर असते. एवढे पैसे दिले आहेत, तर वसूल झाले पाहिजेत, असा त्याचा हिशेब. २००६ मध्ये सुरू झालेली 'एक्सपेडिशन एव्हरेस्ट' ही डोंगरावरची वेगवान गाडी आणि २०१७ मध्ये उघडलेले 'अवतार' चित्रपटावरचे दालन यांच्यासमोर रांगा लागतात. उघड्या मोटारीतून हरणे, जिराफ, हत्ती दाखवणारी 'किलिमांजारो सफारी'ही भरलेली असते. पण पायी हिंडून, थांबून पाहायच्या जागा ओस नसल्या तरी उपेक्षित राहतात. अनेकांच्या तोंडी या उद्यानाचे नाव 'अर्ध्या दिवसाचे उद्यान' असेच झाले.

दारातच सुरू होणारी चूक

मुख्य दरवाजातून आत शिरले की प्रथम 'ओअॅसिस' नावाचा गर्द झाडीचा भाग लागतो. वाटा वळणाच्या, पाण्याचे ओहोळ, आणि मध्ये मध्ये मुंगीखाऊ, चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षी, मोठे सरडे अशी जनावरे. पाहुण्याने येथे पाऊल सावकाश टाकावे, डोळ्यांना पाहण्याची सवय लावावी, म्हणून हा भाग मुद्दाम बांधला. होते उलटे. सकाळी दरवाजा उघडताच लोक येथूनच सर्वांत वेगाने धावतात, कारण पहिल्या रांगेत नंबर लावायचा असतो.

पुढे उद्यानाच्या मध्यावर १४५ फूट उंचीचा 'जीवनवृक्ष' उभा आहे. झाड खरे नव्हे. आतला सांगाडा समुद्रातील तेलविहिरीच्या मनोऱ्यासारखा पोलादी आहे. वादळवाऱ्यात फांद्या हलाव्यात म्हणून त्यात सांधे ठेवले आहेत. वर एक लाखाहून अधिक कृत्रिम पाने आहेत. बुंध्यावर आणि मुळांवर ३०० हून अधिक प्राणी कोरलेले आहेत. ओला गिलावा सुकण्याआधी काही तासांत कारागिराला प्राण्याचा आकार पुरा करावा लागे. चुकले तर खोडरबर नाही. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी हे काम पाहिले तेव्हा त्यात चिंपांझी नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले. मग मुळाशी 'डेव्हिड ग्रेबिअर्ड' या त्यांच्या ओळखीच्या चिंपांझीची आकृती कोरण्यात आली.

लोक या झाडासमोर उभे राहून फोटो काढतात आणि निघून जातात. झाडाच्या मागच्या बाजूने पायवाटा आहेत. तेथून कोरीव काम हाताच्या अंतरावर दिसते आणि शेजारी जिवंत जनावरेही आहेत. या वाटांवर सावली असते, रांग नसते. कारागिराच्या हाताचे मोल ज्याला कळते, त्याने तासभर तेथेच घालवावा.

हरांबेतील 'दुका'

आफ्रिका विभागातील 'हरांबे' हे गाव काल्पनिक आहे, पण त्याचा नमुना खरा आहे. केनियाच्या किनाऱ्यावरील लामू या जुन्या मुस्लिम बंदरगावाची घरे, अरुंद गल्ल्या आणि प्रवाळ दगडाच्या भिंती पाहून त्याची रचना झाली. लामूला २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कच्छ, गुजरात आणि कोकणच्या बंदरांतून ज्या पूर्व आफ्रिकी किनाऱ्याशी शतकानुशतके गलबतांचा व्यापार चालला, त्याच किनाऱ्याचे हे गाव. तेथील स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात आणि गाडीला 'गारी'. हरांबेतील एका जुन्या दुकानाच्या पाटीवर हा 'दुका' शब्द होता. मुंबईच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

या गावातील गवती छपरे शाकारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातून १३ झुलू कारागीर बोलावले होते. गवतही तिकडूनच आणले. कंपनीपाशी यंत्रांची व अभियंत्यांची कमतरता नव्हती. तरीही पिढीजात शाकारणाऱ्याच्या हाताला पर्याय मिळाला नाही, ही बाब आपल्या कारागीर वर्गाने लक्षात ठेवावी.

गोरिलाची वाट आणि काँगोतील अनाथालय

सफारीची मोटार जेथे उतरवते, तेथूनच जवळ 'गोरिला फॉल्स' ही पायवाट सुरू होते. उतरलेले बरेच लोक तिकडे न वळता पुढच्या रांगेकडे जातात. या वाटेवर पाण्याखालून दिसणारे पाणघोडे आहेत, मीरकॅट आहेत, अंगावर केस नसलेले आणि मुंग्यांप्रमाणे एका राणीच्या अमलाखाली राहणारे उंदीर आहेत. शेवटी गोरिलांचे दोन गट आहेत, एक कुटुंबाचा आणि एक केवळ नरांचा. मे २०१९ मध्ये येथे एक मादी पिल्लू जन्मले. तिचे नाव 'ग्रेस' ठेवले.

या नावामागे कारण आहे. पूर्व काँगोत शिकारी लोक मोठ्या गोरिलांना मारतात आणि पिल्ले विकायला पळवतात. पकडलेली पिल्ले पूर्वी सांभाळायला जागा नव्हती. २००९ मध्ये डिस्नेच्या प्राणी विभागाने डायन फॉसी गोरिला फंड वगैरे संस्थांच्या सोबतीने काँगोत अशा अनाथ गोरिलांसाठी केंद्र उभारले. त्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप 'ग्रेस' असेच होते. फ्लोरिडात गोरिला सांभाळून जे कळले, ते काँगोतील अनाथ पिल्लांच्या उपयोगी पडले. काचेपलीकडे बसलेल्या त्या काळ्या जनावराचा हा दूरचा संबंध पाटी वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पाटी वाचायला गिऱ्हाईक थांबत नाही.

ओबामा नावाचा गेंडा

गेंड्याची हकिगत याहून रंजक आहे. युगांडात बेसुमार शिकारीमुळे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस एकही रानटी गेंडा उरला नव्हता. पुढे झिवा येथे गेंड्यांचे अभयारण्य काढले. केनियातून चार पांढरे गेंडे घेतले आणि २००६ मध्ये दोन गेंडे थेट अॅनिमल किंगडममधून विमानाने पाठवण्यात आले. आजवर आफ्रिकेतून जनावरे अमेरिकेला जात; येथे अमेरिकेतून आफ्रिकेला गेली.

२००९ च्या जूनमध्ये त्यातील एका मादीला नर पिल्लू झाले. सुमारे तीस वर्षांत युगांडाच्या भूमीवर जन्मलेला हा पहिला गेंडा. बाप केनियाचा, आई अमेरिकेची. तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांचेही तसेच होते. पिल्लाचे नाव अर्थातच 'ओबामा' ठेवले. पुढील वर्षांत झिवातील गेंड्यांची संख्या चाळिशीच्या पुढे गेली.

हत्तींच्या बाबतीतही असेच. केनियात शेतीत घुसणाऱ्या हत्तींना अडवण्यासाठी शेताभोवती मधमाशांच्या पेट्या टांगण्याची युक्ती निघाली. हत्ती मधमाशीला घाबरतो आणि इतर हत्तींना विशिष्ट घुमणारा आवाज काढून सावध करतो. हा आवाज ओळखण्याच्या संशोधनात, जे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, या उद्यानातील शास्त्रज्ञाचा सहभाग होता. शेतकऱ्याचे पीक वाचते, हत्तीचा जीव वाचतो, वर पेटीतील मधही बाजारात विकता येतो.

आनंदपूरचे वाघ आणि वटवाघळे

आशिया विभागातील 'आनंदपूर' म्हणजे भारत, नेपाळ, इंडोनेशिया यांच्या खुणा एकत्र करून रचलेले राज्य. तेथील 'महाराजा जंगल ट्रेक' ही पायवाट पडक्या राजवाड्यातून जाते. भिंतींवर मोगल चित्रशैलीची आठवण देणारी चित्रे आहेत. कथा अशी की, जेथे पूर्वी राजे शिकार करीत, तेथे आता वाघ निर्धास्त बसले आहेत. समोर काळवीट चरताना दिसतात. मधला खंदक नजरेस पडत नाही. हेच काळवीट आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी अभयारण्यात आहेत. २०१७ मध्ये या पायवाटेवरील सुमात्रा वाघिणीला दोन पिल्ले झाली. ही वाघाची जात इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर जेमतेम काही शेकड्यांत उरली आहे.

याच वाटेवर मोठी फळखाऊ वटवाघळे आहेत. पंख पसरल्यावर त्यांतील काहींची रुंदी पाच-सहा फूट भरते. बरेच लोक घाबरून हा भाग टाळतात. वास्तविक त्यांतील मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावरच्या जातीची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात जंगलतोड आणि वादळे यांमुळे ही वटवाघळे शंभराच्या आत आली होती. काही पकडून बाहेर वाढवली, बेटावर झाडे लावली, आणि आता त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. फळांचे बी दूरवर टाकून जंगल पुन्हा उभे करण्याचे काम हीच वटवाघळे करतात.

आगगाडीने जायचे, म्हणून न पाहिलेले

सर्वांत उपेक्षित जागा सर्वांत टोकाला होती. तिचे नाव 'कॉन्झर्वेशन स्टेशन', म्हणजे संवर्धन केंद्र. तेथे चालत जाता येत नसे. हरांबेतून छोट्या आगगाडीत बसावे लागे. केंद्रात काचेआडून जनावरांचा दवाखाना दिसे. सकाळी गेले तर डॉक्टर एखाद्या जनावराचे दात तपासताना किंवा शस्त्रक्रिया करताना प्रत्यक्ष पाहता येत. उद्यानाचे खरे काम उघडे करून दाखवणारी अशी जागा दुसरी नव्हती. पण ना झुला, ना घसरगुंडी. गिऱ्हाईक वळेना, म्हणून २००० साली 'लायन किंग' चित्रपटातील रफिकी माकडाचे नाव या भागाला जोडले. २०१८ च्या शरद ऋतूत तो बंद झाला आणि २०१९ मध्ये चित्रे काढायला शिकवणारा कार्यक्रम घेऊन पुन्हा उघडला. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, मुलांच्या आवडत्या 'ब्लूई' या कार्टून कुत्रीला या केंद्रात आणले जाईल. खऱ्या जनावरांकडे मूल यावे म्हणून पुन्हा कार्टूनचेच बोट धरावे लागले.

या केंद्राच्या वाटेवर खारीएवढी, डोक्यावर पांढऱ्या कापसासारखे केस असलेली माकडे ठेवलेली असत. लोक त्यांना पाहून "किती गोड" म्हणत व पुढे जात. कारागीर वाचकांसाठी मात्र सर्वांत मोलाची गोष्ट त्या माकडांचीच आहे.

पिशवीतून वाचलेले जंगल

हे कापूसमाथ्याचे टॅमरिन माकड जगात फक्त कोलंबिया देशाच्या वायव्य भागात सापडते. १९६० आणि १९७०च्या दशकांत वैद्यकीय प्रयोगांसाठी हजारो माकडे पकडून अमेरिकेत नेली गेली. त्यानंतर जंगल तुटत गेले. घरोघरी चुलीला लाकूड लागे, आणि हाताला काम नसल्याने काही लोक माकडे पकडून विकत.

अॅन सॅव्हेज या शास्त्रज्ञ महिलेने १९८०च्या दशकात तेथे 'प्रोयेक्तो तिती' हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्या अॅनिमल किंगडमच्या संवर्धन विभागात आल्या आणि उद्यानाचा आधार प्रकल्पाला मिळाला. "माकड मारू नका" असे फलक लावून पोट भरत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून प्रथम चुलीकडे पाहिले. तेथे 'बिंदे' नावाची जुन्या पद्धतीची मातीची चूल होती. तिचा सुधारित नमुना करून गावात दिला. जळणाचे लाकूड सुमारे दोन-तृतीयांश कमी लागू लागले.

दुसरी अडचण प्लास्टिकच्या पिशव्यांची. गावात कचरा उचलण्याची सोय नव्हती. पिशव्या रानात उडत आणि जनावरांच्या पोटात जात. कोलंबियात खांद्याला अडकवण्याची 'मोचिला' नावाची विणलेली पिशवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लोस लिमितेस या गावातील बायकांनी टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, त्यांच्या पट्ट्या कापून, क्रोशाच्या सुईने त्याच मोचिला विणायला सुरुवात केली. त्यांची सहकारी संस्था झाली. परदेशातील प्राणिसंग्रहालयांच्या दुकानांतून हा माल विकला जाऊ लागला. लाखो पिशव्या रानाऐवजी विणकामात गेल्या. मुलांनी गलोल आणून द्यावी आणि बदल्यात कापडी माकड न्यावे, अशीही योजना झाली. ती कापडी माकडेही गावातच शिवली जात. प्लास्टिक वितळवून कुंपणाचे खांब केले, म्हणजे तेवढी झाडे वाचली.

यात दानधर्म कमी आणि धंद्याची समज जास्त आहे. कच्चा माल फुकट, हुनर घरचे, नक्षी ओळखीची. उणीव होती ती फक्त बाजारपेठेची. ती जोडून देणारे कोणी तरी भेटले. हातात चार पैसे आल्यावर त्याच बाया आणि त्यांची मुले जंगलाची राखण करू लागली.

चुकाही झाल्या

कौतुकाबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उद्यान उघडण्याच्या सुमारास काही जनावरे दगावली. चित्त्याची चार पिल्ले विषारी रसायन पोटात गेल्याने मेली. दोन तुरेवाले क्रौंच सफारीच्या गाड्यांखाली आले. मोठा गदारोळ झाला. अमेरिकेच्या कृषी खात्याने चौकशी केली व कायद्याचा भंग झाला नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही डाग लागायचा तो लागला. पिंजऱ्यातील जनावर दाखवून रानातील जनावर वाचते का, हा वाद अजून संपलेला नाही. करमणुकीच्या धंद्याने रक्षणाचे नाव घेऊ नये, असे मानणारेही आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर झिवातील गेंडे आणि लोस लिमितेसच्या पिशव्या दाखवाव्या लागतात. झुल्यांची रांग दाखवून चालत नाही.

हिशेबाची वही

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. पायवाटांचे वेगळे तिकीट नाही. वाघाचे खाणे, डॉक्टर, राखणदार हा खर्च रोजचा आणि मोठा. तिकिटाची कमाई मुख्यतः झुल्यांच्या ओढीने होते. कोणी कोरडा हिशेब मांडला तर म्हणेल, पायवाटा बंद करा आणि आणखी एक झुला टाका. पण तसे केले तर उद्यानाला वेगळेपण काय उरेल? झुले तर दुसऱ्याही उद्यानांत आहेत. कंपनीचा संवर्धन निधी १९९५ पासून चालू आहे आणि त्यातून जगभरच्या कामांना १२ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम गेली आहे. दुकानांत गिऱ्हाइकांनी बिलावर घातलेल्या एकेका डॉलरचाही त्यात वाटा आहे. या उद्यानात पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या नळ्या आणि फुगे चालत नाहीत, कारण ते जनावरांच्या पोटात जाऊ शकतात. गिऱ्हाइकाची थोडी गैरसोय सोसून पाळलेला हा नियम त्या दुकानाची ओळख बनला.

गिऱ्हाईक वळवण्याचा एक स्वस्त उपाय मात्र कंपनीला २०१३ मध्ये सापडला. मुलांना एक छोटी वही फुकट द्यायची. प्रत्येक पायवाटेवर माणूस बसवायचा. मुलाने तेथे जाऊन जनावराबद्दल काही शिकले की वहीत एक बिल्ला चिकटवायचा. असे सुमारे तीस बिल्ले. बिल्ल्यासाठी मूल हट्ट धरते आणि आई-बाप मागोमाग त्याच पायवाटेवर येतात, जिच्याकडे सकाळी त्यांनी पाहिलेही नव्हते. नवा झुला बांधण्याचा खर्च आणि या वहीचा खर्च यांची तुलनाच नको.

आपल्या दुकानांतही मागच्या फळीवर असा माल असतो. हातमागाचे चांगले थान, जुन्या नक्षीचे पितळी भांडे, शिसवी पेटी. दर्शनी भागात चटकन खपणारा माल ठेवावाच लागतो. त्यावर भाडे निघते. पण दुकानाचे नाव मागच्या फळीवर टिकते. गिऱ्हाईक तिथवर जात नसेल तर दोष दर वेळी गिऱ्हाइकाचा नसतो. वाट दाखवणारा माणूस तेथे बसवला आहे काय, आणि लहानशा बिल्ल्याइतके निमित्त आपण त्याला दिले आहे काय, एवढे दुकानदाराने स्वतःला विचारावे.